बारडोलीची वही

विद्यापीठाला पैसा लागतो. इमारतींना लागतो, प्रयोगशाळांना लागतो, ग्रंथालयाला लागतो. आणि ज्याच्या घरी फी भरण्याची ऐपत नाही अशा हुशार मुलाच्या शिष्यवृत्तीला तर तो सर्वांत आधी लागतो. सरकारी अनुदान आणि फी या दोन्ही वाटांनी येणारे द्रव्य अपुरे पडू लागले की संस्था समाजापुढे हात पसरते. अलीकडे हे मागणे संगणकाच्या साह्याने होते. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या तयार असतात. कोणी केव्हा किती दिले, कोणाला पाठविलेले पत्र उघडले गेले आणि कोणाचे तसेच पडून राहिले, याची नोंद आपोआप होते. त्या नोंदीवरून कोणाकडे काय मागावयाचे ते ठरते, आणि देणारा घरबसल्या मोबाईलवरून पैसे धाडतो. हे सारे शास्त्र परदेशातून आले असा सर्वसाधारण समज आहे. यंत्रे परदेशातून आली हे खरे. परंतु अचूक आकडे, ताजी बातमी आणि चोख हिशेब या तिहींवर लोकांचा विश्वास कसा उभा राहतो, हा धडा सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याने १९२८ सालीच गिरविला होता.

बारडोलीचा लढा शेतसाऱ्याचा. विद्येच्या देणगीशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक तर या लढ्यातील प्रमुख माणसे विद्यापीठाशी निगडित होती. असहकाराच्या चळवळीत, ऑक्टोबर १९२० मध्ये, अहमदाबाद येथे गुजरात विद्यापीठाची स्थापना झाली. सरकारी अनुदानाचा प्रश्नच नव्हता. सारा भार लोकांच्या देणग्यांवर. विद्यापीठासाठी दहा लाख रुपये गोळा करण्याचे काम वल्लभभाई पटेल यांनी अंगावर घेतले आणि त्यासाठी ते थेट रंगूनपर्यंत जाऊन आले. ब्रह्मदेशात व्यापारासाठी गेलेला गुजराती माणूस आपल्या प्रांतातील विद्येसाठी थैली मोकळी करतो, हे त्यांनी तेथे पाहिले. दुसरा संबंध रीतीचा आहे, आणि तोच अधिक महत्त्वाचा.

बारडोली तालुका लहान. क्षेत्रफळ २२२ चौरस मैल, गावे १३७, लोकवस्ती सुमारे ८७ हजार. त्या काळच्या नियमाप्रमाणे तेथील जमीन महसुलाची फेरतपासणी तीस वर्षांनी व्हावयाची. १८९६ नंतर ती पाळी आली. जयकर नावाच्या अधिकाऱ्याने तपासणी करून सारा सुमारे ५ लाख १५ हजारांवरून ६ लाख ७२ हजारांवर न्यावा, म्हणजे सुमारे ३० टक्के वाढवावा, अशी शिफारस केली. तापी खोऱ्यातील रेल्वे झाली, लोकसंख्या वाढली, गुरे वाढली, पक्की घरे उठली, पिकांचे भाव चढले, अशी कारणे त्यांनी दिली. त्यांचे वरिष्ठ अँडरसन यांनी ही कारणे बाजूला ठेवली आणि जमिनीच्या खंडाचे आकडे प्रमाण मानून २९ टक्के वाढ सुचविली. शेवटी जुलै १९२७ मध्ये मुंबई सरकारने सुमारे २२ टक्के वाढ कायम केली.

या ठिकाणी आकड्यांची एक चूक घडली, आणि ती आज प्रत्येक संस्थेच्या कचेरीत भिंतीवर लावून ठेवण्याजोगी आहे. खंडाने दिलेल्या जमिनीचे क्षेत्र अहवालाच्या परिशिष्टात सुमारे ४३ हजार एकर दाखविले होते. तालुक्यातील एकंदर लागवडीच्या जमिनीशी हा आकडा ताडून पाहता जवळजवळ एक तृतीयांश जमीन खंडाने जाते, असे अँडरसनसाहेबांनी मानले. इतकी जमीन खंडावर असेल तर खंडाचा दर हीच जमिनीच्या उत्पन्नाची खरी खूण ठरते, असा त्यांचा हिशेब. परंतु ते ४३ हजार एकर एका वर्षाचे नव्हतेच. ती सात वर्षांची बेरीज होती. सातांनी भागले की वर्षाला जेमतेम सहा हजार एकर उरतात, म्हणजे शेकडा पाचाच्या आसपास. तर्काचा सारा मनोरा एका शीर्षकाच्या चुकीच्या वाचनावर उभा होता. आकडा खोटा नव्हता. तो कशाचा आहे हे पाहिले गेले नव्हते.

ही चूक घोषणांनी उघडी पडली नाही. ती उघडी पाडली गांधीजींच्या आश्रमातील एक शिक्षक नरहरी परीख यांनी. तालुक्याची आर्थिक पाहणी करून त्यांनी शेतकऱ्याचा जमाखर्च गुजरातीत मांडला, आणि सरकारी अहवालातील विधाने एकेक करून तपासली. पीक किती आले, बियाण्याला, बैलाला व मजुरीला काय गेले, हाती काय उरले, असा तो साधा ताळा होता. शेतकऱ्याचे दुःख सांगणारे पुष्कळ होते. शेतकऱ्याचा हिशेब सांगणारा प्रथमच भेटला. त्यामुळे फेब्रुवारी १९२८ मध्ये वल्लभभाई बारडोलीस आले तेव्हा त्यांच्या हाती केवळ गाऱ्हाणे नव्हते. मागणीही मोजकी होती : निःपक्ष चौकशी करा, किंवा वाढ रद्द करा. १२ फेब्रुवारीला खातेदारांनी सारा न भरण्याची प्रतिज्ञा केली. त्याच तारखेला सहा वर्षांपूर्वी, चौरीचौऱ्याच्या प्रकरणानंतर, याच बारडोलीत सविनय कायदेभंग स्थगित झाला होता, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढील सहा महिन्यांची संघटना पाहण्याजोगी होती. तालुक्याचे १३ छावण्यांत विभाजन झाले. प्रत्येक छावणीवर एक अनुभवी कार्यकर्ता, त्याच्या हाताखाली स्वयंसेवक. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. प्रकाशनाचे एक वेगळे खाते निघाले आणि त्यातून ‘सत्याग्रह पत्रिका’ रोजच्या रोज प्रसिद्ध होऊ लागली. कोणत्या गावी जप्ती आली, कोणाची म्हैस नेली, कोणत्या पटेलाने राजीनामा दिला, वल्लभभाई काल काय बोलले, हे सारे पत्रिकेत यावयाचे, जप्तीची चित्रेसुद्धा. स्वयंसेवक ती तालुक्याच्या अगदी कोपऱ्यातल्या गावापर्यंत पोचवीत. ज्याला वाचता येई तो ओट्यावर बसून वाचावयाचा, आणि ज्यांना येत नसे ते भोवती बसून ऐकावयाचे. एका गावाने काल काय सोसले ते दुसऱ्या गावाला आज कळे. त्यामुळे कोणालाही आपण एकटे पडलो असे वाटत नसे.

हीच बातमी तालुक्याबाहेरही जाऊ लागली, आणि तिच्या मागोमाग पैसा आला. लढा लांबला तसे निधीचे आवाहन निघाले. मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी एक हजार रुपये पाठविले, आणि लढा चालेल तोवर दरमहा तितकेच पाठविण्याचे वचन दिले. १२ जून १९२८ रोजी देशभर बारडोली दिन पाळला गेला. मुंबईहून, इतर प्रांतांतून, आणि परदेशी राहणाऱ्या भारतीयांकडूनही रकमा येत राहिल्या. यांतील बहुतेकांनी बारडोली कधी पाहिली नव्हती. त्यांना नेमके प्रकरण ठाऊक होते, रोजची हकीगत कळत होती, आणि आपला पैसा कशाला लागतो याविषयी शंका नव्हती. एवढ्यावर अपरिचित माणूस दाता होतो. विठ्ठलभाईंच्या देणगीत आणखी एक मर्म आहे. एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्याऐवजी दरमहा देणारा माणूस कार्याचा भागीदार बनतो. दर महिन्याला तो त्या कार्याची विचारपूस करतो.

ऑगस्टच्या प्रारंभी गांधीजी बारडोलीस आले, आणि ६ ऑगस्टच्या सुमारास तडजोड होऊन सरकारने चौकशी मान्य केली. न्यायखात्यातील ब्रूमफील्ड आणि महसूलखात्यातील मॅक्सवेल हे दोघे अधिकारी नेमले गेले. वस्तुतः खरी परीक्षा येथे होती. सभेत टाळ्या मिळविणे वेगळे, आणि दोन सरकारी अधिकाऱ्यांपुढे गावोगावचा हिशेब सिद्ध करून दाखविणे वेगळे. शेतकऱ्यांच्या बाजूने नरहरी परीख, महादेव देसाई आणि गुजरात विद्यापीठात अध्यापन केलेले रामनारायण पाठक यांनी ते काम केले. १९२९ च्या अहवालाने जुन्या खंडपत्रकांचा आधार टिकण्याजोगा नाही हे मान्य केले, आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. लोकांनी ज्या आकड्यांवर विश्वास ठेवून म्हशींसह स्वतःला घरांत कोंडून घेतले होते, ते आकडे प्रतिपक्षाच्या कसोटीला उतरले. उतरले नसते तर त्या विश्वासाचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे विद्यापीठाने ही रीत आपल्या अभ्यासक्रमाचाच भाग बनविली. त्या वेळी विद्यापीठाचे कुलनायक होते काका कालेलकर. साताऱ्यास जन्मलेले, मातृभाषेने मराठी, आणि गुजरातीचे थोर लेखक. त्यांच्या कारकिर्दीत जे. सी. कुमारप्पा यांनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या ५४ गावांची पाहणी केली, आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लोकांच्या पैशावर चालणारे विद्यापीठ लोकांचा हिशेब मांडून त्यांना परत देते, यापेक्षा देणगीची अधिक सुंदर पावती कोणती असू शकेल?

महाराष्ट्रालाही ही रीत अपरिचित नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यांच्यापाशी ना सरकारी मान्यता होती ना धनिकाचा आधार. वार्षिक वर्गणी देणाऱ्यांचा त्यांनी मतदारसंघच बनविला. थोडी वर्गणी देणाऱ्यालाही संस्थेच्या कारभारात मत. गावोगाव हिंडून, लहान रकमा घेऊन, प्रत्येकीची नोंद ठेवून त्यांनी ते रोपटे जगविले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची प्रसिद्ध देणगी १९२० सालची. म्हणजे आधी लहान वर्गणीदारांनी संस्थेची पत उभी केली, आणि त्या पतीवर मोठी देणगी आली. पुढे सत्तरी ओलांडल्यावर अण्णासाहेब युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे हिंडले, तेही याच कामासाठी. गणिताच्या शिक्षकाने हिशेबाची वही कधी खाली ठेवली नाही.

आता आजच्या काळाकडे वळू. साधने पालटली आहेत. १९२८ मध्ये स्वयंसेवक पत्रिका घेऊन पायी जात. आज तोच मजकूर क्षणात न्यू जर्सीला पोचतो. बारडोली परिसरातील पुष्कळ कुटुंबे आफ्रिकेत, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत जाऊन स्थिरावली. बारडोली प्रदेश केळवणी मंडळाच्या पुढाकाराने बारडोलीजवळ तरसाडी येथे २०११ साली उका तरसाडिया विद्यापीठ स्थापन झाले. ज्या भूमीत सारा भरण्यापुरते चार आणे मागे राहत नव्हते, तेथे आज विद्यापीठाची इमारत उभी आहे. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेला नंदन निलेकणी यांनी संस्थेशी आपल्या संबंधाला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे धरून ही रक्कम ४०० कोटी होते. त्याच वर्षी तेथील १९९८ च्या तुकडीतील दोनशेहून अधिक माजी विद्यार्थ्यांनी मिळून ५७ कोटी रुपये जमविले. पहिली बातमी सर्वांच्या लक्षात राहते. परंतु संस्थेच्या दृष्टीने दुसरीही तितकीच मोलाची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एका वसतिगृहात राहिलेली मुले कोठे आहेत, कोण कोणाच्या संपर्कात आहे, कोणी शब्द दिला, कोणी पाळला, याची निगुतीने ठेवलेली वही नसेल तर अशी बेरीज होत नाही.

परंतु साधने पालटली तरी चुका जुन्याच होतात. दिलेला शब्द आणि हाती आलेली रक्कम एकाच रकान्यात मांडली जाते. पाच वर्षांत मिळून यावयाची देणगी चालू वर्षाची म्हणून जाहीर होते. एकच माजी विद्यार्थी दोन स्पेलिंगांनी दोनदा मोजला जातो. पत्र उघडले म्हणून वाचले असे धरतात, आणि वाचले म्हणून पटले असे मानतात. ही सारी अँडरसनसाहेबांच्या सात वर्षांच्या बेरजेचीच भावंडे होत. तेव्हा चुकीची किंमत सरकारला मोजावी लागली. आज ती संस्थेला मोजावी लागते, कारण एकदा आकडा फुगलेला आहे असे कळले की दाता पुन्हा वाट वाकडी करीत नाही. म्हणून एकंदर रक्कम किती, यापेक्षा किती जणांनी दिले आणि मागील वर्षी देणाऱ्यांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा दिले, हे पाहणे अधिक उद्बोधक असते. पहिल्या आकड्याला एक श्रीमंत माणूस पुरतो. दुसऱ्याला विश्वास लागतो.

बारडोलीच्या वहीतील एक पान मात्र सावधपणे वाचावे लागते. लढ्याचे स्वतःचे एक बातमीदार खाते होते. सरकारची हालचाल टिपणे हे त्याचे एक काम. कोणता शेतकरी डगमगतो आहे, कोण गुपचूप सारा भरण्याच्या बेतात आहे, हे शोधून त्याच्यावर नजर ठेवणे हे दुसरे. लढाईच्या दिवसांत त्याचे समर्थन करता येईल. पण विद्यापीठ आणि त्याचा माजी विद्यार्थी यांच्यात लढाई नसते. कोणाचा पगार किती, घर कोठे, मुलाचे लग्न केव्हा, हे त्याच्या नकळत गोळा करून नेमक्या वेळी त्याच्या दारात उभे राहणे ही चतुराई असेल. तिला स्नेह म्हणता येत नाही. भारतात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि माहिती घेताना तिचा हेतू सांगावा व संमती घ्यावी हे तत्त्व त्यात आले. कायदा नसता तरी सभ्यतेने हेच सांगितले असते.

याहून गंभीर आहे ती त्या वहीत नसलेली नावे. सारा भरणारा खातेदार पत्रकात होता, कारण त्याच्यापाशी जमीन होती. पण त्याच्या शेतात राबणारा दुबळा, म्हणजे आज ज्याला हळपती म्हणतात तो माणूस, कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या मालकाशी जखडलेला ‘हाळी’ होता. त्याच्या नावावर जमीन नव्हती. सारा वाढला काय आणि घटला काय, महसुलाच्या पत्रकात त्याचा रकानाच नव्हता. जुगतराम दवे यांच्यासारख्या सेवकांनी पुढे वेडछीच्या परिसरात या उपेक्षितांत आयुष्य वेचले, ते ही उणीव ओळखूनच. जी गोष्ट मोजली जात नाही तिच्याकडे लक्ष जात नाही, हा आकड्यांचा दुसरा स्वभाव.

विद्यापीठाच्या देणगीदारांच्या यादीतही तेच घडते. यादी असते ती शिकून बाहेर पडलेल्यांची, आणि त्यांतही मिळवत्यांची. जो पहिल्याच वर्षी फी भरता न आल्याने परतला, जी मुलगी घरच्यांनी बारावीनंतर काढून घेतली, त्यांची नावे कोणत्याही माजी विद्यार्थी मंडळाच्या संगणकात सापडत नाहीत. यंत्र कितीही हुशार असले तरी ज्याची नोंद नाही त्याची आठवण ते करून देणार नाही. ते काम माणसाचे आहे. दरसाल आलेल्या रकमेच्या शेजारी एक साधा रकाना ठेवावा : या पैशाने यंदा किती मुले शिक्षणात टिकली, आणि किती जण पैशावाचून सोडून गेली. तो रकाना दात्याला दाखविण्याचे धैर्य ज्या संस्थेपाशी असेल तिला देणगीची वाण पडणार नाही.

बारडोलीचा स्वराज्य आश्रम आजही उभा आहे. तेथे येणारा प्रवासी सरदारांच्या वस्तू पाहतो, छायाचित्रे पाहतो आणि लढ्याची गोष्ट ऐकतो. त्या गोष्टीत वीरश्री पुष्कळ आहे, आणि ती असावी. पण म्हशी जप्त होत असताना रात्री दिव्याशी बसून कोणी एक शिक्षक पिकांचा व मजुरीचा ताळा जुळवीत होता, त्याचीही आठवण त्या वीरश्रीबरोबर व्हावी. सातांनी भागावयाचे राहून गेले होते. त्याने ते भागून दाखविले, आणि लोकांनी त्यावर घरदार पणाला लावले.